पिल्लं दर वेळी बाराव्या-पंधराव्या दिवशीच का मरतात? फ्राय टँकमधले, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या टाकीतले परजीवी, ओळखायचे कसे आणि घालवायचे कसे

माझ्या गप्पी माशांच्या पिल्लांच्या सलग तीन बॅच एकाच पद्धतीने गेल्या. पहिले आठ-दहा दिवस सगळं मस्त, पिल्लं पळतायत, खातायत, आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचे बारीक जिवंत जीव) खाऊन पोटं नारिंगी, आणि मग बाराव्या-तेराव्या दिवशी दोन-तीन पिल्लं फिल्टरजवळ पर मिटून उभी, शेपूट उघडतच नाही, सुईसारखी एका रेषेत, जागच्या जागी अंग हलवत राहतात पण पुढे सरकत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती तळाला. मग रोज तीन, चार, सहा असं करत विसाव्या दिवसापर्यंत टँकमध्ये फक्त गोगलगायी उरायच्या.

पहिल्या बॅचला मी मेथिलिन ब्लू टाकलं, दुसरीला मॅलकाइट ग्रीनवालं व्हाइट स्पॉटचं औषध, तिसरीला दोन्ही आणि वरून मीठ. तिसरी सगळ्यात लवकर संपली. आता सांगताना हसू येतं, तेव्हा अजिबात आलं नव्हतं.

तुमचंही असंच चाललं असेल तर आधी हातातली बाटली खाली ठेवा. मला जे कळायला तीन बॅच लागल्या ते असं की आजार पिल्लांच्या टँकमध्ये सुरूच झाला नव्हता, तो आईबरोबर आला होता, आणि मी दर वेळी नवीन पिल्लं त्याच आईकडून घेत होते.

कितव्या दिवशी मरतायत?

हे कोणी विचारत नाही, सगळे विचारतात कुठलं औषध टाकू. काचेवर कागदी टेपचा एक तुकडा चिकटवा, त्यावर पिल्लं झाली ती तारीख आणि पुढे रोज किती मेली तो आकडा, बस एवढंच. चार-पाच दिवसांत त्या टेपवरून जे कळतं ते नुसतं टँककडे बघत बसून कळत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत मेली तर परजीवींचा संबंध फार क्वचित असतो. पाण्यातलं क्लोरीन, तापमानाचा झटका, नाहीतर पिल्लूच अपुऱ्या दिवसांचं. गप्पी-मॉलीची मादी घाबरली किंवा घाईघाईत ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंबली तर कधीकधी दिवस भरायच्या आधीच पिल्लं टाकते, त्यांच्या पोटाला पिवळी पिशवी तशीच असते आणि ती तळावर सरपटत राहतात. त्यातली बरीच जातात, त्याला औषध नाही.

तिसऱ्या ते सातव्या दिवसात, खासकरून अंड्यातून येणाऱ्या जाती, बेट्टा, गुरामी, छोटे टेट्रा वगैरे, यांची पिल्लं आजाराने नाही, उपासाने मरतात. पोटातला पिवळा बलक संपतो आणि तोंड एवढंसं असतं की आर्टेमियासुद्धा मावत नाही, त्यांना इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) किंवा हिरवं पाणी लागतं, थोडं मोठं झाल्यावर व्हिनेगर ईल, मग मायक्रोवर्म (हे दोन्ही बारीक जिवंत कृमी) आणि मग आर्टेमिया. आपण पावडर टाकतो, ती तळाला बसते आणि सडते, कारण त्या वयात पिल्लाला हलतंय तेच खाणं वाटतं. उपाशी पिल्लू ओळखायचं सोपं आहे, डोकं मोठं दिसतं आणि पोट आत गेलेलं. पाण्यावर तेलकट साय धरत असेल तर तीही रोज टिश्यू पेपर पसरून उचलून टाका, बऱ्याच जातींची पिल्लं पहिल्यांदा वर येऊन हवेचा घोट घेतात तेव्हाच त्यांची हवेची पिशवी फुगते, साय आडवी आली की ते राहून जातं आणि पिल्लू जन्मभर तळाला घासत फिरतं.

दुसऱ्या आठवड्यात मरायला लागली तर आधी पाणी तपासायचं, कारण याच सुमाराला आपण खाणं वाढवतो, दिवसातून चार-पाच वेळा, आणि फिल्टर अजून तेवढं पेलायला तयार झालेला नसतो. पाणी चांगलं निघालं तरच परजीवींकडे जायचं. परजीवींना वाढायला वेळ लागतो, पहिल्या दिवशी पिल्लावर दोन-चार असतील तर ते मरण्याइतके व्हायला आठ-बारा दिवस जातात, म्हणून ते मागाहून दिसतात. याला मोठा अपवाद व्हेलवेटचा, म्हणजे अंगावर सोनेरी धुळीसारखा दिसणाऱ्या परजीवीचा, तो पहिल्या आठवड्यातसुद्धा पूर्ण बॅच घेऊन जातो, बेट्टाच्या आणि किलीफिशच्या पिल्लांवर तर त्याचा फारच राग.

पाण्याचं आधी मिटवा

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, "थोडासाच आहे" हे मोठ्या माशांना चालून जातं, पिल्लांना नाही. आणि अमोनियाचा आकडा एकटा बघू नका, पीएचबरोबर बघा. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो. म्हणजे टेस्टच्या बाटलीत रंग सारखाच, पण एका टँकमध्ये पिल्लं जगतात आणि दुसऱ्यात कल्ले लाल करून वर तोंड काढून मरतात.

आता एक गंमत सांगते, जिच्यामुळे बरेच जण फसतात, मीही फसले होते. नायट्राइट वाढलं की पिल्लं दमल्यासारखी पृष्ठभागाला लटकतात. आपण घाबरून मीठ टाकतो आणि पिल्लं दोन तासांत सुधारतात. आपल्याला वाटतं परजीवी मेले. तसं काही झालेलं नसतं, मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत जाऊ देत नाही, तेवढ्यापुरता आराम पडतो. मग आपण सगळ्यांना सांगत सुटतो की मिठाने सगळे परजीवी जातात, आणि पुढच्या बॅचला खरंच परजीवी आले की मीठ टाकून निवांत बसतो.

पाणी रोज १० ते २० टक्के बदला, एकदम अर्धं नको. नवीन पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं, आणि एअर पंपाच्या बारीक नळीने थेंबथेंब सोडलेलं. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते नुसतं रात्रभर ठेवून उडत नाही, कंडिशनर लागतो, आणि क्लोरामाइन तुटलं की त्यातून अमोनिया सुटतो हेही लक्षात ठेवा, म्हणून अमोनिया बांधणारा कंडिशनर बघून घ्या. तळ साफ करायलाही तीच बारीक नळी, पाणी पांढऱ्या बादलीत काढायचं म्हणजे चुकून ओढली गेलेली पिल्लं लगेच दिसतात. फिल्टर स्पंजचाच, आणि तो चालू असलेल्या टँकमधून मुरवून आणलेला, म्हणजे पाणी साफ ठेवणारे चांगले बॅक्टेरिया आधीच वसलेला. पण थांबा, कुठल्या टँकमधून मुरवला? आईबापांच्या टँकमधून आणला असेल तर त्यांचे परजीवीही त्याच स्पंजवर बसून आले असतील. मी नेमकं हेच करत होते आणि वर स्वतःला हुशार समजत होते.

परजीवीच आहेत हे कशावरून?

पिल्लू अंग घासतं का बघा, पान, काच, तळ, जिथे मिळेल तिथे झटका देऊन घासतं. पर मिटलेले, जागच्या जागी डुलणं, एका बाजूचा कल्ला बंद करून एकानेच श्वास घेणं, अंगावर दुधट पातळ थर. यातलं एकेक लक्षण खराब पाण्यानेही येतं म्हणून तर आधी पाणी म्हटलं. पाणी बरोबर असून हे सगळं दिसत असेल तर पुढचं काम टॉर्चचं. रात्री खोलीत अंधार करा, टॉर्च टँकच्या बाजूने, तिरका, पिल्लाच्या पाठीवर मारा. सोनेरी किंवा गंजाच्या रंगाची धूळ चमकली तर व्हेलवेट. दिवसा समोरून बघून व्हेलवेट दिसत नाही, दिसायला लागतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

खरा निकाल मायक्रोस्कोपखालीच लागतो. नाक मुरडू नका, शाळेतल्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा चालतो, ४० ते १०० पट मोठं दिसलं तरी निम्मे गुन्हेगार सापडतात. मोठ्या माशाच्या अंगावरची बुळबुळ खरवडून घ्यावी लागते, पिल्लाचं तसं काही नाही, पिल्लू पारदर्शकच असतं, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवलं, दहा-पंधरा सेकंद बघितलं आणि परत सोडलं. मेलेलं बघायचं असेल तर नुकतं मेलेलं बघा. रात्री मेलेलं सकाळी बघून काही उपयोग नाही, मासा मेला की बरेच परजीवी त्याला सोडून निघून जातात आणि त्यांच्या जागी सडकं खाणारे दुसरेच जीव येतात, मग आपण भलत्याच्याच मागे लागतो.

काय दिसेल? व्हाइट स्पॉटचा म्हणजे इकचा जीव गोल, सगळ्या अंगावर बारीक केस, हळूहळू गरगर फिरतो आणि आत घोड्याच्या नालेसारखा वाकडा डाग. ट्रायकोडिना म्हणजे दातेरी चकती, भिंगरीसारखी फिरत इकडून तिकडे जाते, एकदा बघितली की विसरणार नाही. चिलोडोनेला बदामाच्या आकाराचा, चपटा, सरकत जातो. कॉस्टिया फारच बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, त्याला ४०० पट लागतं आणि तरी लुकलुकणारा ठिपकाच दिसतो. आणि फ्लूक, म्हणजे चपटे बारीक कृमी, एक टोक हुकांनी चिकटवलेलं आणि बाकी अंग जळूसारखं लांब-आखूड होत असतं.

माझ्या पिल्लावर हेच होते. एकाच पिल्लावर नऊ मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

फ्लूक, कारण तीन बॅच यांनीच खाल्ल्या

फ्लूकचे दोन मुख्य प्रकार भेटतात आणि दोघांचा हिशोब वेगळा आहे. जायरोडॅक्टायलस त्वचेवर आणि परांवर राहतो, त्याला डोळ्यांचे ठिपके नसतात, आणि तो अंडी घालत नाही, थेट पिल्लू देतो. त्याच्या पोटात पिल्लू दिसतं आणि नीट बघितलं तर त्या पिल्लाच्या पोटात अजून एक तयार होत असतं. म्हणजे जन्माला येतो तोच गाभण. कोमट पाण्यात थोड्याच दिवसांत पुढची पिढी. आता परत टेपवरचा आकडा बघा, आईच्या अंगावरून दोन फ्लूक पिल्लावर उतरले तर बाराव्या दिवशी काय होणार ते वेगळं सांगायला नको. मोठ्या गप्पीला पाच-दहा फ्लूक काही करत नाहीत, ती एखाद्या वेळी अंग घासते आणि आपण म्हणतो खेळतेय. सात-आठ मिलिमीटरच्या पिल्लाला तेवढेच फ्लूक म्हणजे अंगावर जखमाच जखमा, वरून बुरशी आणि बॅक्टेरिया.

दुसरा डॅक्टायलोगायरस, तो कल्ल्यांवर बसतो, पुढच्या टोकाला चार काळे ठिपके, आणि हा अंडी घालतो. औषधाने मोठे मरतात, अंडी मरत नाहीत. त्यामुळे एकदा औषध टाकून पिल्लं बरी होतात, आठवड्याने परत तेच, आणि आपण म्हणतो औषध बोगस. औषध बरोबर असतं, दुसरा डोस राहिलेला असतो. डिस्कसवाल्यांना हा चांगला माहीत असेल, डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावरची बुळबुळ खाऊनच मोठी होतात, त्यामुळे कल्ल्यातले फ्लूक थेट वारशाने मिळतात.

दोघांवर औषध एकच, प्राझिक्वांटेल, लिटरला २ मिलीग्रॅम. पिल्लांना झेपतं, झाडांना काही होत नाही. जायरोडॅक्टायलस असेल तर बऱ्याचदा एका डोसात काम होतं, तरी मी सात दिवसांनी दुसरा देते. डॅक्टायलोगायरस असेल तर पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा, मधे पाणी बदलून. मत्स्यालयासाठीचं तयार औषध मिळालं तर त्याच्या लेबलावरचा डोस पाळा. गोळी वापरायची वेळ आली तर हिशोब असा, २० लिटरला ४० मिलीग्रॅम पाहिजे, ६०० मिलीग्रॅमची गोळी अगदी बारीक कुटून १५० मिली पाण्यात घातली की १ मिलीमध्ये ४ मिलीग्रॅम, म्हणजे १० मिली टाकायचं. पण प्राझिक्वांटेल पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसतं, त्यामुळे दर वेळी सिरिंज भरताना बाटली जोरात हलवा, नाहीतर पहिल्या टँकला नुसतं पाणी आणि शेवटच्याला सगळं औषध. ते चालू असताना एअर स्टोन जोरात ठेवा, बऱ्याचदा पाणी गढूळ होतं आणि ऑक्सिजन कमी पडतो. फिल्टरमधला कार्बन काढा आणि यूव्ही दिवा बंद, हे सगळ्याच औषधांना लागू.

लिटर मोजताना टँकच्या लेबलवरचे लिटर धरू नका. आतली लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले हजार. ६० बाय ३० चा टँक, पाणी २५ पर्यंत, तर ४५ लिटर, त्यातून वाळू-दगडाची जागा वजा. पिल्लांच्या बाबतीत अंदाजपंचे डोस देणं हेच अर्ध्या मृत्यूंचं कारण आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यात माझी दुसरी बॅच येते.

बाकीचे

इक, म्हणजे व्हाइट स्पॉट. पिल्लावर साखरेसारखे दाणे दिसतीलच असं नाही, कधी नुसते कल्ल्यांतच असतात आणि पिल्लं धापा टाकत मरतात. एक ठिपका १ मिलिमीटरपर्यंत होतो आणि पिल्लू असतं ६ मिलिमीटरचं, प्रमाण बघा. अंगावरचा ठिपका पिकला की गळून तळाला जातो, कवच करतो, आत शेकड्याने तुकडे होतात, कधी हजाराच्या वर, आणि ते सगळे मासा शोधत पोहत सुटतात. औषध फक्त या पोहणाऱ्यांना लागतं, अंगावरच्या आणि कवचातल्यांना नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध थांबवलं की आठवड्यात परत. पोहणाऱ्यांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतात, हा त्यांचा कमकुवत धागा.

पिल्लांसाठी माझा क्रम असा, उष्ण पाण्यातली जात असेल तर तापमान दर काही तासांनी एक अंश करत ३० पर्यंत, एअर दुप्पट कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि मीठ लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करून दोन दिवसांत २ पर्यंत. मीठ वजनावर मोजा, चमच्यावर नको, जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यात बराच फरक पडतो. वेगळ्या भांड्यात विरघळवून सावकाश सोडा, पिल्लांवर खडे टाकू नका. गप्पी-मॉलीला हे सहज झेपतं, कोरीडोरस आणि टेट्राच्या पिल्लांना १ च्या पुढे नेताना दहा वेळा विचार करा. हे शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर चालू ठेवायचं आणि रोज तळ सायफन करायचा, म्हणजे नळीने ओढून साफ करायचा, कारण कवचं तळालाच असतात. तळाला वाळूच नसेल तर उत्तम, मी फ्राय टँकमध्ये वाळू कधीच टाकत नाही.

मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मलिनची मिश्रणं इकवर जोरदार चालतात पण पिल्लांवरही जोरदार चालतात. अगदीच वेळ आली तर अर्धा डोस, ग्लोव्ह घालून. फॉर्मलिन पाण्यातला ऑक्सिजनही खातं, आणि बाटलीच्या तळाला पांढरा साका दिसला तर ती बाटली टाकूनच द्या, तो साका माशांना फार विषारी असतो.

व्हेलवेटचा जीव अर्धा वनस्पतीसारखा आहे, त्याच्यात हरितद्रव्य असतं, उजेडावर थोडंफार पोट भरतो. म्हणून टँक कापडाने झाका, मीठ वरच्यासारखंच, तापमान २८. पिल्लांना खाण्यापुरता उजेड दिवसातून दोन-तीनदा, थोडा वेळ, पुरे. तांबं असलेली औषधं व्हेलवेटवर रामबाण आहेत पण मऊ (कमी क्षारांच्या) पाण्यात त्यांचा विषारीपणा खूप वाढतो, मोजायची टेस्ट किट नसेल तर पिल्लांच्या टँकमध्ये तांबं टाकूच नका, गोगलगायी आणि श्रिंप तर हमखास जाणार. पिल्लांसाठी अॅक्रिफ्लेविन त्यातल्या त्यात सौम्य.

ट्रायकोडिना, चिलोडोनेला, कॉस्टिया हे बहुतेक वेळा घाण पाण्याचे आणि गर्दीचे पाहुणे. बरीचशी पाणी बदलून, पिल्लं विरळ करून आणि लिटरला २ ते ३ ग्रॅम मिठाने आटोक्यात येतात, सोसणारी जात असेल तर. कॉस्टियाला मात्र हलकं घेऊ नका, दुधट थर आला की दोन दिवसांत खेळ संपतो.

एंजल आणि डिस्कसच्या थोड्या मोठ्या पिल्लांची पाठ सुकत चालली, खाणं तोंडात घेऊन थुंकतात, शी पांढरी दोऱ्यासारखी, तर आतड्यातल्या हेक्सामिटाचा संशय घ्यायचा. त्याला मेट्रोनिडाझोल, लिटरला ६-७ मिलीग्रॅम, खातं असेल तर खाण्यातून जास्त चांगलं. हे माणसांचंही औषध आहे, संशयावरून उगाच ओतू नका, जनावरांच्या डॉक्टरांना विचारता आलं तर आधी विचारा.

आणि कॅमॅलॅनस, हा आतड्यातला लाल कृमी. तीन-चार आठवड्यांच्या पुढच्या पिल्लाच्या शीच्या जागेतून लाल दोऱ्याची टोकं बाहेर दिसली तर तोच. यावर प्राझिक्वांटेल काही करत नाही, लेव्हामिसोल लागतं, लिटरला २ मिलीग्रॅम, टँक झाकून कारण उजेडात ते खराब होतं, २४ तासांनी मोठं पाणी बदलायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी परत. लेव्हामिसोल कृमीला मारत नाही, लुळा करतं, मासा त्याला शीबरोबर बाहेर टाकतो, तो तळाला पडलेला असतो. तेव्हा लगेच सायफन केला नाही तर मासा तोच परत खाणार आणि सगळं मुसळ केरात. तळ्यातून आणलेल्या जिवंत खाण्यातल्या सायक्लॉप्समधून (पाण्यातला एक बारीक जीव) हा येतो, आणि एकदा टँकमध्ये आला की सायक्लॉप्सशिवायही एका माशातून दुसऱ्यात जातो.

परजीवी नसलेले पण परजीवी वाटणारे

काचेवर पांढरे बारीक किडे वळवळतायत म्हणून घाबरून येणारे खूप. दोऱ्यासारखे, डोकं वेगळं दिसत नाही, पाण्यात नागमोडी पोहतात, हे उरलेल्या खाण्यावरचे कृमी, माशांना काही करत नाहीत, फक्त तुम्ही जास्त खाणं टाकताय एवढंच सांगतात. चपटा, त्रिकोणी डोक्याचा, काचेवर सरकत जाणारा तो प्लॅनेरिया, अंड्यांना त्रास देऊ शकतो. पण पिल्लं मेलेली सापडत नाहीत, नुसती संख्या कमी होतेय, असं असेल तर काचेवर हायड्रा शोधा. सेंटिमीटरभर दोरा, टोकाला हातासारखे केस, हात लावला की आखडून ठिपका होतो. तो नवजात पिल्लू पकडून गिळतो आणि आर्टेमिया टाकायला लागलो की त्याची दिवाळी. हायड्रा आणि प्लॅनेरिया दोघांवर फेनबेंडाझोल चालतं, पण काही गोगलगायी त्यात जातात, त्या आधी काढा. आर्टेमियावरून आठवलं, कवचं वेगळी करून, गोड्या पाण्यात धुऊन, अंड्यातून आल्यावर काही तासांतच खायला घाला, दिवसभर ठेवलेल्या आर्टेमियात पोषण कमी उरतं आणि कवचं पिल्लांच्या आतड्यात अडकतात.

परत येऊ नये म्हणून

आता मूळ मुद्दा, आई. चौथ्या वेळी मी पिल्लांना काहीच औषध दिलं नाही. मादीला दिवस जायच्या आधीच, नर-मादी सगळ्यांना, मोठ्या टँकमध्ये प्राझिक्वांटेलचे दोन डोस दिले, मधे सात दिवस. पिल्लं व्हायच्या वेळी मादीला वेगळ्या स्वच्छ टँकमध्ये ठेवलं आणि पिल्लं झाल्याबरोबर दोन तासांत तिला काढलं, ब्रीडिंग बॉक्समध्ये दिवसभर पिल्लांशेजारी लटकवून नाही ठेवलं. अंडी घालणाऱ्या जातींत तर अजून सोपं, अंडी काढून वेगळ्या पाण्यात मेथिलिन ब्लू घालून उबवता येतात, इक अंड्यांना लागत नाही, फक्त पाण्यातून येऊ शकतो. पिल्लं सुटी पोहायला लागायच्या आधी ते निळं पाणी बदलून काढा, आणि फिल्टरमधले चांगले बॅक्टेरियाही त्याने मार खातात, म्हणून मुरवलेला स्पंज त्या पाण्यात ठेवू नका.

स्पंज मी आता एका रिकाम्या बादलीत मुरवते, मासे नाहीत, रोज चिमूटभर खाणं टाकून, महिना-दीड महिना लागतो पण परजीवी येत नाहीत. नवीन झाडंही तशीच मासे नसलेल्या कोमट पाण्यात दोन आठवडे. जाळी, नळी, बादली फ्राय टँकची वेगळी, आणि जाळी प्रत्येक वेळी उन्हात कडक वाळवायची, ओली जाळी एका टँकमधून दुसऱ्यात गेली की बाकी सगळी काळजी फुकट. नवीन आणलेला मोठा मासा चार आठवडे वेगळा, तो कितीही टवटवीत दिसत असला तरी, माझी ती मादीसुद्धा टवटवीतच दिसत होती.

पिल्लं मोठ्या टँकमध्ये कधी सोडायची हेही बरेच विचारतात. दोन महिन्यांच्या आधी नको, आणि सोडायच्या आधी मोठ्या टँकमधला एक मासा तपासून घ्या, अंग घासतोय का, परांच्या कडेवर काही हलतंय का. मी हे एकदा केलं नाही, चौथ्या बॅचमधली सहा पिल्लं घाईने सोडली आणि दहा दिवसांनी त्यातलं एक परत सुईसारखी शेपूट करून उभं. मोठ्या टँकमध्ये मधल्या काळात दोन नवीन नर आले होते, वेगळे न ठेवता. परत प्राझिक्वांटेल, परत सात दिवस, परत प्राझिक्वांटेल. सहाच्या सहा जगली, पण ती उरलेल्या बॅचपेक्षा अजून लहानच आहेत.